वादीतली वाडी

फोनवर मी म्हटलं होतं, "बाबा, इकडे आलात की आपण वादीत जाऊ." त्यांनी ऐकलं, वाडीत. वसईच्या माणसाला वाडी म्हणजे केळी, पानवेल, मोगरा. तो दुसरं काय ऐकणार? शारजाच्या फ्लॅटमध्ये त्यांनी बॅग उघडली, तर कपड्यांच्या घड्यांत वालाचं बी, भेंडीचं बी आणि घरचं खुरपं. मला हसू आवरेना. माझी लेक म्हणाली, "ग्रँडपा, इट्स वादी! ओन्ली स्टोन्स देअर!" बाबा ओशाळले. त्यांनी बी पुन्हा रुमालात बांधलं आणि बॅगेच्या तळाशी ठेवलं. ते पाहून मात्र माझंच तोंड उतरलं.

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला बाबांना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं होतं. हृदयाचं दुखणं, घरात एकटे, आणि डोक्यात एकच विषय: बावखल. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. पावसाचं पाणी वाहत येऊन तिथे थांबतं, सावकाश मुरतं, म्हणून खाडी जवळ असूनही आमची विहीर गोड राहिली. दर उन्हाळ्यात आईबाबा त्यातला गाळ काढायचे. वरच्या वाड्यांतलं खत पाण्याबरोबर उतरू नये म्हणून आईने उताराला गवती चहाची दाट रांग लावली होती. "यंदा गाळ कोण काढणार?" हे बाबा सकाळच्या चहाला विचारत आणि संध्याकाळच्या चहालाही. मी चिडायचे. "तळं मोठं की तब्येत?" खरं सांगायचं तर मी घाबरले होते. आई गेली तेव्हा मी इकडे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये मीटिंगला बसले होते. तसं पुन्हा होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तर एका शनिवारी आम्ही वादीत गेलो. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, पाऊस पडला तरच धावणारी. एका कड्याखाली तेवढा झऱ्याचा डोह होता आणि त्यात बोटभर मासे. डोहाच्या थोडं वर खजुराचं शेत. आमचं बोलणं ऐकून कुंपणापलीकडून हाक आली, "मराठी काय? यल्ला, चहा घ्या!" शेत राखणारा माणूस कणकवलीकडचा निघाला.

चहा राहिला बाजूला. बाबा शेताच्या कडेला रचलेल्या बकऱ्यांच्या लेंडीखताच्या ढिगाकडे बघत उभे राहिले.

"पाऊस आला की हे कुठे जातं?"

"खाली डोहात, काका. मग पाणी हिरवं होतं, मासे मरतात, आणि अरबाब माझ्यावर ओरडतो." अरबाब म्हणजे मालक.

त्यानंतर आमचे शनिवार त्या शेतावरच जाऊ लागले. बाबांनी आधी आमच्याकडच्यासारखा मातीचा बांध घातला. पहिल्याच सरीत तो वाहून गेला. कोकणातला गडी पोट धरून हसला. "काका, ही जमीन पाणी पीत नाय. गडगा घालूया." गडगा म्हणजे नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेली भिंत, पाणी फटींतून जातं, गाळ मागे अडतो. मग दोघांनी उताराला गडगा रचला, आणि अरबाबला विचारून ढीग वरच्या सपाटीवर, वादीपासून लांब हलवला. गडग्यामागे बाबांनी वाल पेरला. वाल उगवला तेव्हा मला वाटलं, चला, बाबाही रुजले. मी नवऱ्याशी व्हिसाचं बोलायलासुद्धा लागले.

मग तो मोठा पाऊस आला. शारजाच्या रस्त्यांवर पाणी साचलं, ऑफिसं घरून सुरू झाली, टँकर पाणी उपसून कुठेतरी नेऊन टाकू लागले. बाबा खिडकीशी बसून. "एवढं पाणी आलं गं, आणि त्याला टेकायला जागा नाही," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही शेतावर गेलो. गडगा एका बाजूने ढासळला होता, वाल गाळात गाडला गेला होता. पण गाळ गडग्यामागेच थांबला होता. डोह गढूळ होता, तरी त्यात मासे फिरत होते. बाबा वाकले, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी हुंगलं. लेंडीचा वास नव्हता. त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि तिथेच दगडावर बसून रडले. आईच्या मयताला त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"तुझी आई असंच हुंगून बघायची," ते म्हणाले. "इथलं आता हा गडी बघेल. तिथलं कोण बघणार, बाय?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?" मी ओरडलेच.

त्यांनी ओला हात शर्टाला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. एवढ्या महिन्यांत मी त्यांची गोळी चुकू दिली नव्हती, आणि त्यांचं दुखणं मला आत्ता कळत होतं. घरी आल्यावर मीच त्यांचं परतीचं तिकीट काढलं. अट एकच घातली: गाळ माणसं काढतील, बाबांनी काठावर खुर्ची टाकून बसायचं. अट ते पाळतात की नाही, देव जाणे.

उरलेलं बी त्यांनी कोकणातल्या गड्याला दिलं, खुरपं परत नेलं. आता इकडे पाऊस झाला की मी लेकीला घेऊन शेतावर जाते आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावते. या डिसेंबरातही लावला.

"वाडीतलं पाणी कसंय?" बाबांनी विचारलं.

लेकीने तोंड उघडलं, पण मी तिला खुणेनेच थांबवलं. "नितळ आहे, बाबा. आणि तुमच्याकडे?"

बाबांनी फोन फिरवून बावखलाकडे धरला.

"अजून भरलेलं आहे गं. पाणी तुझ्या आईच्या गवती चहाला टेकलंय."