रिकामा टेम्पो, भरलेला टेम्पो

केडगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. पिकोचं मशीन घ्यायचं म्हणून ब्लाउज शिवून उरलेल्या पैशांतून मी मोबाईलवर थोडं थोडं बिटकॉइन घेत होते. नवरा म्हणायचा, बँकेत टाक. ऐकेन ती मी कसली!

भाव घसरत घसरत एका रेषेपर्यंत येतो आणि तिथून पुन्हा वर जातो. त्या रेषेला सपोर्ट म्हणतात. ती तुटली की भाव आणखी कोसळतो, एवढं मी व्हिडिओ बघून शिकले होते. त्यामुळे भाव रेषेखाली गेला रे गेला, की हातातली कात्री टाकून मी विकायची. असं दोनदा केलं आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी भाव पुन्हा रेषेच्या वर. स्वस्तात विकून महागात परत घेताना मशीनचे पैसे चांगलेच आटले. तिसऱ्यांदा फसले तर हा नाद सोडेन, असं नवऱ्यापुढे कबूल केलं आणि मनातून जळफळत राहिले.

त्याच आठवड्यात आईबरोबर काष्टीच्या बाजारात गेले. तिला दोन बोकड विकायचे होते. सकाळीच दोन व्यापारी बाजार पडला, बाजार पडला म्हणून ओरडत फिरू लागले. शेजारच्या माणसाने घाबरून आपली शेळी देऊनही टाकली.

"देऊन टाक आई, अजून पडेल," मी म्हणाले.

आईने मिश्री लावता लावता मान वळवली. "त्यांचा टेम्पो बघ. रिकामाच हाय न्हवं? भाव खरंच पडला असता, तर त्या भावात आतापतूर टेम्पो भरून गेलं असतं. ही नुसती वरड हाय."

दुपारपर्यंत त्या टेम्पोत चारच शेळ्या चढल्या. मग ओरडणारेच भाव वाढवून देऊ लागले, आणि बोकड आईच्या भावाने गेले.

महिन्याभराने माझी रेषा पुन्हा तुटली. या वेळी कात्री न टाकता आधी आलेखाखालचे, किती खरेदी-विक्री झाली ते दाखवणारे उलाढालीचे दांडे बघितले. ते अगदीच बुटके होते. बिटकॉइनचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो, तोवर हात लावायचा नाही असं ठरवलं. सकाळी भाव रेषेच्या वर होता. चहा उतू गेला तरी मी हसत होते.

पुढे भाव चढला, तशी रेषाही वर सरकली. मग एके दिवशी ती तुटली तेव्हा दांडे भलतेच उंच होते आणि दिवसही रेषेखालीच संपला. दुसऱ्या दिवशी भाव खालून रेषेपर्यंत वर आला आणि तिथूनच पुन्हा खाली फिरला. मी सगळं विकलं. नंतर तो बराच खाली गेला. दर वेळी असं जमेलच असं नाही, पण त्या दिवशी जमलं.

मी आईला फोन केला. बिटकॉइन म्हणजे काय, हे तिने कधी विचारलं नाही.

"विकलं," मी म्हणाले.

"टेम्पो भरून जात हुतं का?"

"हो."

"मंग बरं केलंस. आता मशीन आन, आन पैलं पिको माझ्या पातळाला कर."