श्रावणीच्या कार्डावरचे आकडे

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच कळत नाही.

मी विट्याजवळच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर. शिट्टी, कवायत, आणि दरवर्षी पोरांची उंची-वजनं मोजून आरोग्य कार्डावर लिहिणं. वजन उंचीच्या मानानं फार असलं, तर नाव तपासणीच्या यादीत घालायचं. एवढं साधं काम. त्यात कुणी खोटं कशाला करेल?

श्रावणी आठवीत होती. आईवडील कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. पोरगी गावात आजोबांकडे. गुबगुबीत, हसरी. आजोबा शाळा समितीचे अध्यक्ष. मोजणीच्या आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "आवं सर, पोरगी खात्यापित्या घरची हाय. कागदावर जाड म्हून कशाला लिवताय? उद्या सोयरीक जमवायची हाय."

तेरा वर्षांची पोर — आणि सोयरीक! मला राग आला का? नाही. मी हसलो. अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार?

काट्यावर बासष्ट आले. मी पन्नास लिहिले. तिनं वाकून पाहिलं, आणि तिचा चेहरा खुलला. सरांनी आपली लाज झाकली, असं वाटलं असणार तिला. नववीत सहासष्ट भरली, मी चोपन्न लिहिले. एव्हाना हात सरावला होता.

तिची मान काळी पडत चालली होती. मी काय केलं असेल? भर रांगेत म्हणालो, "मान घासत जा गं जरा." पोरी फिदीफिदी हसल्या. ते साखरेच्या दुखण्याचं लक्षण असतं, हे मला कुठं माहीत होतं — पण यादीत नाव असतं, तर कुणीतरी जाणत्यानं ती मान पाहिली असती.

दहावीत ती मैदानावर चक्कर येऊन पडली. आजोबा आणि मी तिला विट्याला डॉक्टरांकडे नेलं. साखर भलतीच वाढलेली. वजन त्र्याहत्तर. डॉक्टरांनी मी सोबत नेलेलं शाळेचं कार्ड पाहिलं.

"वर्षात एकोणीस किलो? सर, हे नीट मोजलंय ना?"

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हणालो — हो, मीच मोजलंय.

मग डॉक्टर तिच्याकडे वळले. "खरं सांग बाळ, वर्षभर चोरून काय काय खात होतीस?"

तिला सगळं ठाऊक होतं. दोन्ही वेळा काटा तिनं पाहिला होता, माझा हातही. एक शब्द बोलली असती तर मी उघडा पडलो असतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"व्हय," ती म्हणाली, "लय खात हुते."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी लिहू दिलं.