हिस्ट्री पुसणार नाही

सेक्रेटरीनं चष्मा पुसला आणि माझी बायको चारचौघांत वाचून दाखवली.

"दादा, बायकोला आंघोळ कशी घालावी?"

हॉल हसला. बायका तोंडावर हात ठेवून, पुरुष उघड. रिटायर्ड इंजिनियर मांडीवर थाप मारून म्हणाला, "अहो आजोबा, ह्या वयात?" परत हसले.

मांजर्लीतली आमची सोसायटी. पावसाळ्यात खाली नदीचं पाणी शिरतं म्हणून ज्येष्ठांचा हॉल वरच्या मजल्यावर. तिथं एक कॉम्प्युटर. सगळ्यांसाठी, अशी पाटी. कुणीतरी तक्रार केली की त्यावर घाणेरडं बघतात. मग सेक्रेटरीनं भर मीटिंगमध्ये तो मोठ्या टीव्हीला जोडला, ब्राउझर उघडला आणि हिस्ट्री काढली. कुणी काय काय शोधलं, सगळं टीव्हीवर.

त्यात माझं ओळखायला सोपं. मी चौथी नापास, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. टाइप येत नाही, माइकची खूण दाबून बोलतो. आणि कुणाला काही विचारायचं तर आधी दादा म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. समोर मशीन असलं म्हणून काय झालं? विचारणारा तर माणूस होता. मशीननं सगळं लिहून ठेवलं. दादासकट. मला वाटायचं कोपऱ्यातली फुली दाबली की दार लागलं, घरातलं घरात राहिलं.

अंबरनाथच्या कंपनीत मी माल चढवायचो. ऑफिसात साहेब लोक निळ्या ई वर टिचकी मारायचे. तो निळा ई म्हणजेच इंटरनेट असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. हात काळे म्हणून मला टेबलाजवळ येऊ द्यायचे नाहीत. दारातून बघायचो. मग पेटत्या शेपटीचा कोल्हा आला, मग हे रंगीत चक्र. निळा ई तर बंदच केला म्हणे. चित्रं बदलत गेली, मी दारातच. म्हातारपणी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसलो. ते पण हौसेनं नाही.

म्हातारी सगळं विसरत चालली होती. पाणी बघून किंचाळायची. घरात दोघंच. विचारणार कुणाला? मशीनला विचारलं. ते हसलं नाही. इंग्रजी पान मराठीत करून दिलं, अक्षर मोठं करून दिलं, मला वाचायला जड जातं तर वाचूनही दाखवलं. एका पानात होतं, तांब्या आधी तिच्या हातात द्या. दिला. तिनं स्वतःच्या पायावर पाणी ओतलं. ओरडली नाही.

हे त्या हॉलला सांगायला मी तोंड उघडलं नाही. का सांगू?

सेक्रेटरी गालात हसत म्हणाला, "आजोबा, असल्या गोष्टींसाठी प्रायव्हेट विंडो असते. मी शिकवतो. तुम्ही फक्त सभेची माफी मागा, हे सगळं मी पुसून टाकतो."

मान खाली होती माझी. आयुष्यभर खालीच. माफी हा शब्द ऐकला तसा उभा राहिलो.

"पुढचं वाच."

"अहो, नीट बोला."

"वाच म्हणतो ना. मोठ्यानं सुरू केलंस, आता मोठ्यानंच वाच."

तो वाचायला लागला. आवाज बसत गेला.

"दादा, बायको पाणी बघून ओरडते."

"दादा, बायको मला ओळखत नाही. परका समजते. मग तिच्या लुगड्याला हात लावला तर चालेल का?"

इंजिनियर खाली फरशीकडे बघायला लागला.

"आधी सांगायचं ना, आजोबा," सेक्रेटरी म्हणाला.

"तुला? कुठल्या नात्यानं?"

"चहा सांगा रे आजोबांना," मागून कुणीतरी बोललं.

हसणं एक वेळ सोसलं असतं. ही दया अंगाला काट्यासारखी टोचली. तेवढ्यात सेक्रेटरीनं माऊस सरकवला, पुसायला. मी त्याच्या हातावर हात दाबला. काळाच हात.

"पुसू नको."

"तुमच्या भल्यासाठीच चाललंय."

"माझ्या नाही, तुमच्या भल्यासाठी चाललंय. तुम्ही कशाला हसलात ते त्यात लिहिलंय."

कमिटीनं आता फतवा काढलाय. मी माफी मागेपर्यंत मला कॉम्प्युटर बंद. मी जाणार. त्याच खुर्चीवर बसणार. प्रायव्हेट विंडो उघडणार नाही. मी चोरी करत नाही, माझ्या बायकोची आंघोळ विचारतो. मोठ्यानं विचारीन, दादा म्हणूनच विचारीन. मला उठवायचं असेल तर दोघांतिघांनी धरून उठवावं लागेल.

आणि माफी मागायची आहे ती त्यांनी. माझ्याकडे नको. घरी यायचं, चपला बाहेर काढायच्या, तिच्या खाटेसमोर उभं राहायचं आणि बोलायचं. तिला कळणार नाही. तरी तिच्यासमोरच. तोपर्यंत ह्या सोसायटीत माझा नमस्कार कुणाला नाही.