फळ्यावरचे चौकोन

आष्टीच्या बायकांनी मिळून तुरीच्या डाळीची गिरणी घेतली होती. त्यांचा गट कसा चालवायचा, हे समजावायला तालुक्याच्या कार्यालयाने मला पाठवलं होतं. मी शाळेच्या फळ्यावर चौकोन आखले. वर अध्यक्ष, खाली सचिव, त्याखाली सदस्य.

मागून पन्नाशीची एक बाई उठली. पदर खोचलेला, आवाज शांत.

"सर, पहिल्यांदा असंच केल्तं. अध्यक्षीणबाई लेकीच्या बाळंतपनाला गेल्या अन् गिरणी दोन महिने बंद पडली. मशीन त्यांनाच चालवता येत होती."

"मग कसं करायचं, मावशी?"

"समद्यांनी समदं शिकायचं. दर महिन्याला बसून कामं वाटायची. जिच्या घरी अडचण, तिला हलकं काम. न्हाई जमलं तर पुढच्या महिन्याला बदलायचं."

"पण नोंदणीच्या फॉर्मवर पदं भरावी लागतात."

"भरा की. गिरणी काय फॉर्म चालवतो व्हय?"

तिने सरळ पुढे येऊन माझे चौकोन पुसले. बायका हसल्या. मला राग आला. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "एकदा बंद पडली. आता न्हाई पडू देनार."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा गिरणी धडधडत होती. मशीनवर गावातली एक तरुण सून होती. मी त्या मावशींची चौकशी केली.

"त्या महिनाभर जालन्याला हैत, नवऱ्याचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली आणि तिने पुढचं पोतं मशीनमध्ये ओतलं.