तीन इसा

सत्त्याऐंशी साली, सलग तिसऱ्या वर्षी पाऊस चुकला तेव्हा अजिनाथ मेंढ्या विकून, आई पुतळाबाईला घेऊन खुलताबादच्या डोंगरावरून चिकलठाण्यात आला. कारखान्यात दोन वर्षं पेट्या उचलल्या. मग नवं मशीन आलं आणि सुपरवायझर पुंडलिक साहेबांनी त्याला आठ दिवस त्यावर उभं केलं. जमलं तर ऑपरेटर, नाही तर पुन्हा पेट्या.

मशीन अडलं की एक आकडा दाखवायचं. तो साहेबांच्या कॅल्क्युलेटरवर बदलून घ्यायचा आणि येईल त्या नंबरचा बिघाड पुस्तकात शोधायचा. मशीन मोजताना दहाचे गठ्ठे बांधत नाही, वेगळे बांधतं, असं साहेब म्हणाले होते. कितीचे तेही म्हणाले असतील. शेजारी प्रेस दणदणत होता. कॅल्क्युलेटर तर अजिनाथला आजारीच वाटायचा. त्यात नऊच्या पुढं दहा नाही, ए यायचा, मग बी.

पाचव्या दिवशी मशीन थांबलं. आकडा तीस. कॅल्क्युलेटर म्हणाला अठ्ठेचाळीस. त्यानं तीनदा दाबून पाहिलं. तिसाचे अठ्ठेचाळीस कसे होतील? गठ्ठा दहाचा नसला तर विसाचा. दहा आणि वीस सोडून तिसरा गठ्ठा त्याच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. मेंढरं वाघुरात, जाळीच्या कुंपणात, घेताना वीस झाली की पुतळाबाई एक खडा टाकायची. तीन खडे, वर काही नाही, म्हणजे तीन इसा. साठ. पुस्तकात साठ म्हणजे तेलाचा पंप. त्यानं पंप खोलला. सगळी पाळी त्यात गेली.

साहेब आले. मशीनचं दार बोटभर उघडं होतं. अठ्ठेचाळीसचा बिघाड तोच.

"हे अठ्ठेचाळीस सांगत होतं ना? मग साठ कुठून काढलेस?"

"आई असंच मोजती, साहेब."

"सोळाचे गठ्ठे असतात, अजिनाथ."

"सोळाच का?"

साहेब काही सांगू लागले आणि थांबले. वेळ नव्हता की त्यांनाही सांगता येईना, ते त्याला कळलं नाही. सोमवारी पुन्हा आकडे विचारीन म्हणाले, तोवर पेट्या.

रविवारी टँकरच्या रांगेत हंडा सरकवत त्यानं आईला विचारलं, आपलं वीसच का?

"हाताची धा, पायाची धा. आणखी बोटं कुठून आणू?"

"आन् सोळा?"

पुतळाबाईनं जरा विचार केला. "चार तुटली असतील कुणाची. मशीनीत."

तो हसला नाही. रांग पुढं गेली, मागची बाई कुरकुरली. अजिनाथ हंडा सोडून हाताकडे बघत उभा होता. विसातली चार बोटं मिटायची की सोळा, एवढं कळलं होतं. कोणती चार, ते ठरत नव्हतं.