पाच मिनिटांची आंघोळ

मी मागच्या अंगणात पाठीवर पडले होते आणि काकू माजघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "उठ. काही झालेलं नाही तुला."

उठता येत नव्हतं. कमरेत कुणी विस्तव ठेवल्यासारखं झालं होतं. शिडी अजून भिंतीला हलत होती. वरून दुसरी पायरी एका बाजूने सुटून लोंबत होती. ती पायरी डुगडुगते, हे मी काकूंना श्रावणात सांगितलं होतं. गणपतीत पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा "बघू" म्हणाल्या.

पितृपक्ष होता. महाराष्ट्रातून काशीला आलेले यजमान घाटावर गेले होते आणि आत श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. घरात पाच पुरुष होते. काकूंचे मिस्टर, म्हणजे गुरुजी. त्यांचे दोन मुलगे. जेवायला बसायचे दोन ब्राह्मण. पाचही सोवळ्यात. गुरुजी मागच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याच्या आत थांबले. हात छातीशी धरून उभे राहिले.

"फार लागलं का गं?"

"मला उठवा," मी म्हणाले.

ते काकूंकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "सगळे सोवळ्यात आहेत. आता कोण शिवणार तुला? हळूहळू उठ आपली."

मग दार लोटून घेतलं. आत फोडणी बसल्याचा आवाज आला. मी किती वेळ तशीच पडून होते, सांगता येत नाही. वर गच्चीच्या कठड्यावर एक वानर बसून माझ्याकडे बघत होतं.

मला उठवलं ते मुन्नीने. मुन्शी घाटाकडे फुलं विकते ती. आमच्याकडे तुळस आणि पांढरी फुलं द्यायला मागच्या दाराने यायची. टोपली खाली टाकून ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "हमार कन्हा धरा, दीदी." तिच्या खांद्यावर भार टाकून मी माझ्या खोलीपर्यंत गेले. अंगणाच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. मुन्नी आतल्या माणसांना शिव्या घालत होती. मी तिला गप्प केलं. म्हटलं, त्यांचं बरोबर आहे, सोवळं आहे, श्राद्धाचा दिवस आहे. हे मी म्हणाले. स्वतःच्या तोंडाने.

मी त्या घरात अठरा वर्षं होते. नवरा गेल्यावर काकूंनी मला गावाहून काशीला आणलं. त्यांचं मूळ गाव आणि माझं गाव एकच. फक्त त्यांचं घर गावात आणि आमची वस्ती ओढ्यापलीकडे. माझी जात एवढ्यावरून कळावी. रामघाटाच्या त्या घरात माझं काम मोरी, संडास, अंगण, धुणं आणि मागच्या खोल्यांवरची गच्ची. गच्चीवर काकबळी ठेवायचा, म्हणून ती रोज वानरांच्या घाणीतून सोडवावी लागायची. घरात गच्चीचा जिना होता. चांगला दगडी, कठडा असलेला. पण तो स्वयंपाकघराला लागून वर जायचा. म्हणून माझ्यासाठी शिडी. मी झाडून खाली उतरले की काकू जिन्याने वर जायच्या, गोमूत्र शिंपडायच्या आणि मग कावळ्याचं पान मांडायच्या.

दुसऱ्या दिवशी काकू मला सरकारी अस्पतालात घेऊन गेल्या. पुढच्या दारातून बाहेर पडलं की गल्ली सपाट आहे, टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळते तो रस्ता जवळ पडतो. मागची बोळ उलटी नदीकडे उतरते आणि रस्त्याला लागायचं तर पुन्हा सगळं चढावं लागतं. मी विचारलं, "काकू, आज आतून जाऊ का?"

"पंधरवडा आहे गं. तू बोळीतून ये. मी पुढे जाऊन थांबते."

एक्केचाळीस पायऱ्या उतरले. चढताना मोजायचं सोडून दिलं. दर पायरीला भिंत धरत होते. लोक बाजूने जात होते, "माताजी, किनारे" म्हणत होते. वर पोचले तेव्हा काकू टोटोत बसून फोनवर बोलत होत्या.

टोटोत त्यांनी मला समजावलं. अगदी मायेने. "शिडीचं बोलू नकोस. उंचावरून पडलीस म्हटलं की ते पुलिस केस करतात. घर ट्रस्टचं आहे. ट्रस्टवाले विचारतील ही खोलीत कशी राहते, मग मी तुला कुठे ठेवू?"

डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "कैसे गिरी?"

"बाथरूम में फिसल गई," काकू म्हणाल्या. "हमारे यहाँ काम करती है. हिंदी नहीं आती इसको."

अठरा वर्षं मी बनारसच्या भंगारवाल्याशी, नगर निगमच्या झाडूवाल्यांशी आणि नळावरच्या बायकांशी भांडत होते, ते काय संस्कृतात? पण मी गप्प बसले. मला खोली दिसत होती. गावी भाऊ आहे, त्याच्या घरात त्याचीच माणसं मावत नाहीत. डॉक्टरांनी पाठीला हात लावला नाही. बाथरूममध्ये घसरलेल्या बाईला कशाला लावतील? गोळ्या लिहिल्या, आराम सांगितला, दुसऱ्याला हाक मारली.

मग बारा दिवस त्या खोलीत. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. पत्रा दुपारी तापायचा आणि वाऱ्यासाठी दारापर्यंत सरकणंही जिवावर यायचं. काकू रोज उंबऱ्याबाहेरून जेवण सरकवायच्या, विचारायच्या, "आज बरं आहे ना?" मी हो म्हणायचे. संडासला भिंतीला धरून जायचे आणि परत आल्यावर ओढणी तोंडात कोंबून रडायचे, कारण आत पाहुणे असायचे. डाव्या पावलाला मुंग्या यायला लागल्या. एकदा चहा सांडला. पावलावर फोड आला आणि मला तो संध्याकाळी दिसला. भाजलेलं कळलंच नव्हतं. त्या फोडाची मला पाठीपेक्षा जास्त भीती वाटली. पाय गेला तर मी काय करणार, कोण मला उचलणार? काकूंना दाखवला. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. अमावस्या होऊ दे, मग बघू."

त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात एक म्हातारी पडली. त्या दिवशीच्या यजमानांची आई. नुकतीच स्टेशनवरून आली होती, गाडीतल्याच कपड्यांत, हातपाय धुवायला मागे आली आणि शेवाळावरून घसरली. माझं दार उघडं होतं. मला सगळं दिसलं.

गुरुजी धावत आले. सोवळं नेसलेले, बोटात दर्भाची अंगठी. उंबऱ्यावर थांबले नाहीत. म्हातारीच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उचललं, छातीशी धरलं. थोरल्याने खुर्ची आणली, धाकट्याने पाय चोळले. म्हातारी म्हणाली, "अहो, मी ओवळ्यात आहे, तुमचं सोवळं मोडलं."

गुरुजी हसले. "त्यात काय आजी? गंगा खाली आहे. बुडी मारून येतो."

आणि गेले. तिघेही गेले. आत काकू आमसुलाची चटणी वाटत होत्या, पाट्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबायच्या आत तिघे ओलेत्याने परत आले. पुन्हा संकल्प सुरू झाला. पितरांनी काही तक्रार केली नाही.

मी चटईवर पडून ते ऐकत होते. अठरा वर्षं मला वाटायचं, सोवळं एकदा मोडलं की दिवस बुडाला. म्हणून मी अंग चोरून चालले. माझी सावली ताटावर पडू नये म्हणून उन्हाची दिशा बघून अंगण झाडलं. आणि ते तर रोज मोडत होतं, रोज जुळत होतं. पाच मिनिटांची आंघोळ. माझ्यासाठी त्यांच्यापैकी एकालाही ती करावीशी वाटली नव्हती. मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, माझीच. मुन्नीला मी गप्प केलं होतं त्याची.

पावलाचा फोड चिघळला तेव्हा काकू पुन्हा अस्पतालात न्यायला तयार झाल्या. या वेळी बाई डॉक्टर होत्या. तरुण. "कैसे गिरीं आप?"

"बाथरूम में..." काकूंनी सुरुवात केली.

"मैं बोलूँगी," मी म्हणाले. "छत की सीढ़ी से गिरी. लकड़ी वाली. डंडा ढीला था. दो महीने से बोल रही थी मैं."

काकू मराठीत म्हणाल्या, "अगं, काय बोलतेस हे? घरातलं माणूस मानलं आम्ही तुला."

"घरात कधी घेतलंत, काकू?"

डॉक्टरबाईंनी काकूंना बाहेर थांबायला सांगितलं. मला पालथं झोपवलं आणि मणक्याचं एकेक हाड बोटाने दाबत खाली आल्या. एका हाडावर मी ओरडले. फोटो काढला. हाड चेपलं होतं, नस दबली होती. "इसी हालत में सीढ़ियाँ चढ़ती रहीं?" त्या म्हणाल्या. मग पट्टा लिहिला, पुढच्या तपासण्या लिहिल्या. पायातली जाण परत येईल का, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या. पडल्याचं खरं कारण कागदावर घातलं. थाने में ख़बर जाएगी, म्हणाल्या. चालेल ना? मी हो म्हणाले आणि सही केली. मला सही येते. सातवी झाले आहे मी.

काकू टोटोने एकट्याच निघून गेल्या. मी मुन्नीला फोन केला.

सर्वपित्रीच्या दिवशी मी सामान आणायला गेले. कमरेला पट्टा, एका बाजूला मुन्नी. पुढच्या दाराने. काकू ओलेत्याने आडव्या आल्या. "अगं थांब, आत स्वयंपाक चाललाय."

"चालू दे," मी म्हणाले. "मोडलं तर आंघोळ करा. पाच मिनिटं लागतात."

त्या भिंतीला चिकटल्या. मी स्वयंपाकघरासमोरून गेले, दगडी जिन्यासमोरून गेले. दारापासून अंगणापर्यंत एकोणीस पावलं होती. डावा पाय ओढत टाकली तरी एकोणीसच.

आता मी मुन्नीच्या खोलीत असते. बसून हार गुंफते, पाठ दुखली की आडवी होते. पाऊल अजून बधिर आहे. काल गुरुजींनी निरोप धाडला. झालं गेलं विसरून जा, खोली तुझीच आहे, तुझ्यासाठी नवी शिडी आणली, लोखंडी आहे, आता पडणार नाहीस.

उद्या ठाण्यातला माणूस जबाब घ्यायला येणार आहे. पायरी सुटली होती, हे मी त्याला सांगणार. पण तेवढ्यावर थांबणार नाही. घरात दगडी जिना असताना मला शिडी का चढावी लागली, हेही लिहून घ्यायला लावणार. त्याने नाही लिहिलं, तर मी सही करणार नाही.