सूर्य रोजच निंघस

माझा छापून आलेला पहिला निबंध आंघोळीच्या पाण्यावर होता. तेव्हा मी धुळ्यात शाळामास्तर होतो. रोज सकाळी दौत-टाक घेऊन ओट्यावर बसायचं आणि पांझरा नदीवरच्या सूर्योदयावर लिहायचं, असा माझा नेम. त्या सूर्योदयाचे सात कागद फाडून झाले होते, आठवा चालू होता, तेवढ्यात बायको आतून आली. तिचं माहेर शिरपूरकडच्या एका खेड्यातलं, घर शेतकऱ्याचं आणि बोलणं अस्सल खानदेशी.

"सूर्य रोजच निंघस," ती म्हणाली. "पानी थंडं व्हई ऱ्हायनं. आंघोय करी ल्या."

मला राग आला. मास्तराला राग यायला फारसं काही लागत नाही. पण अंगावर पहिला तांब्या ओतला आणि मनात आलं, ही बाई रोज माझ्याआधी उठते, पऱ्हाट्या मोडून चूल पेटवते, आणि मी या पाण्याकडे कधी बघितलंसुद्धा नाही. डोकं न पुसताच लिहायला बसलो. एका बैठकीत निबंध झाला. तिचं वाक्य त्यात जसंच्या तसं घातलं. पुण्याच्या एका मासिकानं तो छापला, संपादकांनी आणखी मागवले, आणि चार-आठ दिवस माझे पाय जमिनीला लागेनात.

घोटाळा झाला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बाकीच्या मास्तरांच्या बायका शहरी वळणाच्या, आणि त्यांनी निबंध वाचलेला. हिनं दारात पाऊल टाकलं न टाकलं तोच एकीनं विचारलं, "काय हो, आज सूर्य निंघना का?" सगळ्या हसल्या. हे तिनं मला सांगितलं नाही. शेजारच्या मास्तरांकडून पुढे कळलं.

त्या संध्याकाळपासून बायको पुस्तकी बोलू लागली. "ताट वाढले आहे. आपण यावे." 'शे' गेलं, 'आहे' आलं, 'बठ्ठं' गेलं, 'सर्व' आलं. मला आधी गंमतच वाटली. मी म्हटलं, "आता शेवेला आहेव म्हणशील का?" ती हसली नाही. ताट ठेवून आत गेली.

मग गंमत संपली. पाणी वेळेवर तापायचं, भाकरी तशीच, ठेचाही तसाच झणझणीत. पण घरात कोणी पाहुणी बाई राहायला आल्यासारखं वाटायचं. बोलण्याआधी ती थांबायची, शब्द निवडायची. एकदा न राहवून विचारलं, अशी का बोलतेस? ती म्हणाली, "आपण लिहून घ्याल."

मासिकाचं पत्र आलं आणि माझा कागद कोरा. तिचं बोलणं मला तिच्यासाठी हवं होतं की निबंधासाठी, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. दोन्हीसाठी, हे खरं उत्तर होतं, आणि त्याची मला फार लाज वाटली. मी मायेनं लिहिलं होतं, यात खोटं नाही. पण तिला विचारलं नव्हतं.

शेवटी मी तेच लिहिलं: हळदीकुंकू, त्या हसणाऱ्या बायका, माझं न विचारणं. एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती, तिथं जाऊन वाचायला लागलो. ती मान वर करीना. "चार दिवस ती माझ्याशी परक्यासारखी बोलत होती," असं वाक्य आलं आणि तिचा हात थांबला.

"चार दिन?" ती उसळली. "खोटं शे! दोन महिना व्हयनात!"

'शे' ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. कागद खाली ठेवला.

"आते रडतस काय? लिखा, दोन महिना."

मी चार दिवस खोडून दोन महिने केले. "धाडू का?" असं विचारलं. हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो. तिनं सुपातले खडे वेचले.

"ऱ्हाऊ द्या. हाई आपलं शे."

तो निबंध शेवयांच्या डब्याखाली अजून आहे. हा लेख मात्र आज सकाळी तिला सगळा वाचून दाखवला. 'आहेव'पाशी ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"हाई धाडा," ती म्हणाली. "पन पहिले आंघोय करी ल्या."